घोडीला उपाशी ठेवू नका, आबा

वाचकाचं पत्र:

'करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. खाली ऊस, वर तीन एकर माळ. माळावर नातीची तट्टू घोडी चिमणी (वय ९) आणि जुना घोडा तुफान (वय २०) बारा महिने, दिवसरात्र मोकळे असतात. यंदा पावसात गवत गुडघ्याला लागलं आणि चिमणी अंगानं पार सुटली. मानेवर कमान आली. दिसाय लई देखणी झालीया, पर नालबंदानं खुरावरच्या वळ्या दाखवल्या आणि म्हणाला, "आबा, ही चरबी बरी न्हाई." डॉक्टरांनीही वजन उतरवा म्हणून सांगितलं. मी रोज संध्याकाळी तिला गुळाचा खडा आणि मूठभर भिजवलेले हरभरे देतो, हंगामात उसाचे वाढे (शेंड्याची हिरवी पानं) असतातच. आता एक जण म्हणतो, चार दिवस उपाशी बांध, आपोआप उतरंल. दुसरा म्हणतो, दिवसभर बांध आणि सांजच्याला तेवढं चरायला सोड. काय करू? दसऱ्याला तिची पूजा करायची आहे. – एक आबा'

आबा, नमस्कार.

दोघांचंही ऐकू नका. पहिल्याचं तर अजिबात नको. त्याचं कारण आधी सांगतो आणि मग बाकीचं.

मी नव्यानं काम सुरू केलं होतं तेव्हाची गोष्ट. एका ठिकाणी अशीच गोलमटोल तट्टू घोडी होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला तीन दिवस नुसत्या पाण्यावर बांधलं होतं. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. घोडी खाली मान घालून उभी होती, समोर टाकलेल्या गवताला तोंडही लावत नव्हती. रक्त काढून नळी उभी ठेवली, तर वरचा द्रव पांढरट, दूध मिसळल्यासारखा. उपास पडला की तट्टूचं शरीर अंगावरची चरबी भराभर रक्तात सोडतं, ती यकृतात साचते आणि यकृत बंद पडत जातं. जितकं जनावर लठ्ठ, तितका हा धोका मोठा. गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या घोड्या, तसंच गाढवं यांच्या बाबतीत तर फारच. ती घोडी वाचली नाही. मालक चांगला माणूस होता, घोडीवर जीव होता त्याचा. म्हणून तुमचं 'चार दिवस उपाशी' वाचल्याबरोबर बाकीची पत्रं बाजूला ठेवली आणि हे लिहायला घेतलं.

दुसरीही एक गोष्ट आहे. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, आणि त्याला शमवणारी लाळ मात्र चावताना तेवढीच सुटते. गाय पोट भरलं की रवंथ करत बसते, घोड्याला रवंथ नाही. तोंड सहा-सात तास बंद राहिलं की पोटात जखमा होण्याचा, आतडी थंडावण्याचा, पोटशूळ उठण्याचा धोका वाढतो. चिमणीचं तोंड जास्तीत जास्त वेळ चालू राहावं आणि पोटात ताकद मात्र कमी जावी, अशी सोय आपल्याला करायची आहे.

आता खुरांकडे या. बाकी सगळं उद्या केलंत तरी चालेल, हे मात्र आज करा. नालबंदानं दाखवलेल्या वळ्या समोरच्या बाजूला जवळजवळ आणि टाचेकडे रुंद होत गेलेल्या असतील, तर तिच्या खुरात कधीतरी सूज येऊन गेली आहे. या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे बारीक पापुद्रे असतात. ते सुजतात, सुटतात, आणि वाईट वेळी हाड आतल्या आत फिरतं. लठ्ठ तट्टूंमध्ये याचं मूळ बहुतेक वेळा रक्तातल्या इन्सुलिनमध्ये असतं: साखर खाल्ली की इन्सुलिन प्रमाणाबाहेर चढतं आणि घाव खुरावर पडतो. म्हणजे जडपणामुळे पाय दुखतात एवढ्यावर हे थांबत नाही. मानेवरची कमान, जिचं तुम्हाला कौतुक वाटतं, ती याच बिघाडाची खूण असते. कौतुक तिच्या चालीचं करा, त्या कमानीचं नको.

सकाळी चारही खुरांवर तळहात ठेवून पाहा. एखादं खूर तासन्‌तास गरम राहतं का? घोट्याच्या मागे दोन्ही अंगांना बोटं टेकवा. निरोगी पायात तिथली नाडी जेमतेम लागते, दुखऱ्या पायात ती ठणठण उडते. वळताना ती आखडते का, आखूड पावलं टाकते का, पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेते का, एका पायावरून दुसऱ्या पायावर सारखा भार बदलते का? यातलं काही दिसलं, तर त्याच तासाला गवतावरून काढा, वाळूच्या किंवा जाड भुशाच्या मऊ जागेवर उभी करा, खुरं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. चालवू नका. समोर सुकं गवत असू द्या. डॉक्टर आले की रक्तातलं इन्सुलिन तपासता येईल का, हेही विचारा.

असं काहीच दिसलं नाही, तर आपल्या हातात वेळ आहे.

आधी मोजमाप. डोळ्याला रोजचं जनावर रोजच्यासारखंच दिसतं, म्हणून हात आणि टेप वापरा. बरगड्यांवर सपाट पंजा फिरवा. आपल्याच पंजाची मागची बाजू चाचपली की जशी हाडं हलक्या दाबानं लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. अंगठ्याखालच्या गादीसारखं नुसतंच मऊ लागत असेल, तर चरबी जास्त आहे. मग शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा, वजन किलोत येतं. समजा घेर १५० आणि लांबी १३० निघाली, तर घोडी साधारण २४६ किलोची. तुमच्याकडे उसाच्या गाड्यांचा काटा जवळ असेल, तर एकदा त्यावरही उभी करून बघा. तो काटा टनांसाठी असतो, दहा-वीस किलोंची चूक करतो, पण टेपचा आकडा अगदीच भलता नाही ना, हे कळतं. यापुढे दर पंधरवड्याला त्याच वेळी, त्याच माणसानं टेप लावायची. आकडे वहीत नातीनं लिहावेत.

आता गूळ. आबा, कोल्हापूरच्या माणसाला गुळाविरुद्ध काही सांगायचं म्हणजे माझीही जीभ अडते. पण गुळात निम्म्याहून कितीतरी जास्त नुसती साखर असते, आणि चिमणीच्या शरीराला नेमकी तीच पेलत नाही. आजपासून बंद. हळूहळू कमी करायचीही गरज नाही. हरभरेही बंद. आपल्याकडे चंदी म्हणजे हरभरा, हे डोक्यात पक्कं बसलंय, पण ती चंदी दिवसाला पंधरा-वीस कोस तुडवणाऱ्या घोड्यांची होती. दख्खनची ही तट्टं, आपण ज्यांना भीमथडी म्हणतो ती, मराठ्यांच्या फौजांत नावाजली गेली, कारण थोड्या, मोकाट चाऱ्यावर ती लांबच्या लांब मजला मारायची. थोडक्यात भागवायचं आणि उरलेलं अंगावर साठवायचं, हा त्यांच्या रक्ताचा गुण. उन्हाळ्यात माळ करपला की साठा उतरायचा, पावसात पुन्हा भरायचा. चिमणीच्या वर्षात तो करपलेला उन्हाळा उरलेलाच नाही. पावसाळ्यात गुडघाभर गवत, गळीत हंगाम सुरू झाला की वाढे, वरून रोजचा गूळ. भरती बारा महिने, ओहोटी कधीच नाही.

वाढ्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण तोडणी सुरू झाली की ती फुकट मिळतात आणि मोह होतो. त्यात साखर असतेच, शिवाय ऑक्झॅलेट असतं, जे कॅल्शियमला बांधून टाकतं. हत्ती गवत आणि पॅरा गवतातही ते भरपूर असतं. गाईम्हशींसाठी लोक त्यावर उतारा म्हणून चुन्याची निवळी वापरतात. गाईच्या पोटातले जंतू यातलं बरंच ऑक्झॅलेट वाटेतच फोडतात, घोड्याला ती सोय नाही. महिनोन्‌महिने असाच चारा गेला तर हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, चाल लंगडी होते, जबडा आणि तोंडाची हाडं फुगतात. त्यात गव्हाचा कोंडा घालत असाल तर भर पडते, कारण कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. म्हणून वाढे आणि कोंडा दोन्ही चिमणीच्या ताटातून काढा. वाढे गोठ्यातल्या म्हशींना घाला.

आणि म्हशींचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट दारावर लिहून ठेवा: दुभत्या जनावरांची गोळी पेंड घोड्यांना कधीही नाही, चाखायलाही नाही. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र त्यानं निकामी होतं. पोतं बंद खोलीत ठेवा.

आता माळाचं काय? तीन एकर हिरवं गवत ही चिमणीसाठी चोवीस तास उघडी खानावळ आहे. मोकळ्या चांगल्या कुरणावर तट्टू दिवसाला आपल्या वजनाच्या चार-पाच टक्के सुका अंश (पाणी वगळून उरणारा चारा) खाऊ शकतं, आणि तिला लागतो दोनाच्या आत. 'थोडाच वेळ सोडतो' हाही उपाय फसवा आहे. फक्त तीन तास सोडलेली तट्टं त्या तीन तासांत दिवसभराच्या खाण्याचा जवळजवळ चाळीस टक्के भाग उरकतात, असं मोजून पाहिलेलं आहे. वेळ कमी आहे हे त्यांना कळतं आणि ती अधाशासारखी ओढतात. तुमच्या दुसऱ्या मित्राचा सांजवेळेचा सल्ला म्हणूनच दोनदा चुकतो. एक तर दिवसभराची भूक घेऊन ती सुटणार. दुसरं, गवत दिवसभर उन्हात साखर तयार करतं आणि रात्री ती वाढीसाठी खर्च करतं, त्यामुळे दुपारनंतर आणि संध्याकाळी साखर सगळ्यांत जास्त, पहाटे सगळ्यांत कमी. पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की हे आणखी खरं. सोडायचीच असेल तर उजाडायच्या आधी सोडा आणि नऊच्या आत परत आणा.

सोडताना मुसकं घाला. मळणीच्या बैलांना घालतात तेच, पण थोडं बदलून. बैलाच्या मुसक्याचं काम खाऊ न देण्याचं असतं, आपल्याला खाणं मंद करायचं आहे. तळाला अंगठा जाईल एवढं, अडीच-तीन सेंटिमीटरचं एक भोक हवं, म्हणजे गवताचे शेंडे आत येतील आणि पाणीही पिता येईल. नाकपुड्यांना आणि ओठांना मोकळी जागा हवी. पट्टा असा, की कुठे अडकला तर तुटावा. पहिले चार-पाच दिवस अर्धा-अर्धा तास घालून तिला सवय करा, पाणी पितेय ते डोळ्यांनी बघा, कुठे घासतंय का ते रोज तपासा. दिवसरात्र बांधून ठेवायचं नाही. चरून आली की काढायचं.

नऊनंतर तिला ठेवायला माळाच्या एका कडेला मुरमाड, गवत नसलेलं आवार करा. जाग्यावर खुंटीला बांधू नका, फिरू द्या. सोपा मार्ग सांगू? रानडुकरांसाठी बरेच शेतकरी सौर झटका मशीन लावतात. त्याच मशीनवर ठळक पांढरी पट्टी ओढून माळाच्या कडेनं एक दहा-बारा फुटी गल्ली तयार करा. (तारेत घरची वीज कधीही सोडू नका, जनावरंही जातात आणि माणसंही.) पाण्याची टाकी एका टोकाला, वैरण दुसऱ्या टोकाला, मिठाचा खडा तिसरीकडे. खायला-प्यायला तिला दिवसभर चालावं लागेल. तुफान तारेपलीकडे, पण डोळ्यांसमोर असू द्या. एकटं पडलेलं घोडं मिटून जातं.

आवारात द्यायची वैरण हा या सगळ्याचा कणा आहे. हिशेब असा: आजच्या वजनाच्या दीड टक्का सुका अंश. २४६ किलोला ते होतात ३ किलो ७०० ग्रॅम. सुक्या गवतातही थोडं पाणी असतं, म्हणून तोलून चार किलोच्या जरा वर. पहाटेचं चरणं चालू असेल तर त्यातून एक किलो वजा करा, त्याहून जास्त नको. डॉक्टर समोर असल्याशिवाय दीड टक्क्याच्या खाली येऊ नका. 'दोन पेंड्या' असा हिशेब चालणार नाही. पेंडी कधी सातशे ग्रॅमची, कधी दीड किलोची. टांगता काटा आणा.

गवत कुठलं? डोंगराकडचं, मसाई पठाराच्या बाजूला मिळतं तसं साधं माळरानाचं, तुरे येऊन गेल्यावर कापलेलं. दुभत्या म्हशीला जे गवत 'निसत्त्व' म्हणून नाकारलं जातं, ते चिमणीला योग्य. फक्त कुसळी गवताची कुसळं नकोत, ती जिभेत आणि हिरड्यांत रुततात. बुरशीचा वास आलेली गंजी स्वस्तात मिळाली तरी नको. भाताचं पिंजर थोडं मिसळलंत तर चालेल, एक चतुर्थांशाच्या आत आणि सावकाश वाढवत, तेही दात चांगले असतील तर. हिरवी ज्वारी आणि तिचा फुटवा घोड्यांना नकोच.

गवत अर्धा ते एक तास पाण्यात बुडवून, निथळून द्या. त्यातली बरीचशी साखर पाण्यात उतरते. ते तपकिरी पाणी फेका, तिला प्यायला ठेवू नका. आपल्या हवेत रात्रभर भिजवलेलं गवत आंबतं, म्हणून लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच भिजवा. मग बारीक भोकांच्या जाळीत भरा, जमल्यास एकात एक दोन जाळ्या. जे गवत ती तासात संपवेल ते बराच जास्त वेळ पुरतं. जाळी तिचा पाय अडकणार नाही इतकी वर बांधा. चार वेळा द्या आणि रात्रीचा वाटा सगळ्यांत मोठा ठेवा, कारण तीच उपासाची लांब वेळ असते.

एवढ्यावर पोट भरेल, पण खनिजं आणि प्रथिनं कमी पडतील. त्यासाठी घोड्यांसाठी असलेलं खनिज मिश्रण डॉक्टरांना विचारून घ्या. ते द्यायला, आणि तुमचा संध्याकाळचा हात रिकामा राहू नये म्हणूनही, तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) मूठ-दोन मूठ चिरलेला लसूणघास. त्यात कॅल्शियम आहे, साखर कमी आहे. ती तुमची वाट गुळासाठी बघते असं तुम्हाला वाटतं, पण मी इतक्या घोड्यांकडे पाहून सांगतो, ती वाट बघते पावलांच्या आवाजाची. आठवडाभर चिडेल, ढुसण्या देईल. नंतर घासासाठीही तशीच खिंकाळेल.

तुफानला या पथ्यात ओढू नका. वीस वर्षांच्या घोड्याला वेगळं लागतं. त्याचे दात तपासून घ्या आणि त्याचं खाणं तोबऱ्यातच द्या, म्हणजे चिमणीला उष्टं मिळणार नाही.

खुरं बरी आहेत असं डॉक्टर आणि नालबंद दोघांनी सांगितल्यावरच व्यायाम. आधी दोन आठवडे मऊ वाटेनं हातात दोर धरून रोज अर्धा तास चालवा. मग नात बसू दे, थोडं थोडं दुडकी चालीनं. नात आणि खोगीर मिळून घोडीच्या योग्य वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावेत. चिमणीचं योग्य वजन २१० मानलं तर ४२ किलो. नुसत्या रविवारच्या रपेटीनं काही उतरत नाही, आणि सहा दिवस उभ्या असलेल्या घोडीला सातव्या दिवशी पळवणं तिच्या पायांवर अन्याय आहे. नालबंदाला दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा. यानं वेळेवर वळ्या ओळखल्या, त्याला सोडू नका.

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे सव्वा ते अडीच किलो, एवढं उतरलं की पुरे. त्याहून झपाट्यानं उतरू लागलं, किंवा ती कधीही गवत नाकारून मलूल उभी राहिली, तर वाट न बघता डॉक्टर. पहिल्या महिन्यात टेप हलली नाही तरी गवत एकदम कमी करू नका. आधी बघा, कुणी चोरून काही घालतंय का. शेजारची पोरं, पाहुणे, शेतावरचे गडी, सगळ्यांना सांगून ठेवा. आपलं लक्ष्य दसरा नाही, पुढचा मे महिना आहे. जूनचं पहिलं गवत फुटेल तेव्हा चिमणी सडपातळ असायला हवी.

दसऱ्याला पूजा जरूर करा. खरारा करून अंग चमकवा, झेंडूची माळ घाला, हळदकुंकू लावा. नैवेद्याचा गूळ नातीच्या हातावर द्या आणि चिमणीसमोर लसूणघासाची एक छोटी पेंडी धरा. पूजेच्या आधी त्या दिवशीची टेप लावायला विसरू नका. तो आकडा आणि खुरांबद्दल डॉक्टर काय म्हणाले, हे मला लगेच कळवा.